बंद गाडीतले लाल दिवे

दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवा. हं, तसा. वीज येईपर्यंत तुमच्या गाडीला हात लावण्यात अर्थ नाही. बसा निवांत. मघाशी तुम्ही सहज म्हणालात, चावी काढलेली असताना बॅटरी उतरते म्हणजे भुताटकीच झाली. मी हसलो नाही. तुम्हाला वाटलं असेल, मिस्त्री तुसडा आहे. तसं नाही हो. ऐका.

माझं काम वायरिंगचं. इंजिन उघडणारे वेगळे, पत्रा ठोकणारे वेगळे. मी फक्त वीज जिथं जिथं जाते तिथं तिच्या मागं मागं जातो. जुन्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात, कारण नव्या कारागिरांना त्यांच्यात कॉम्प्युटर सापडत नाही आणि मग कुठं हात घालावा तेच कळत नाही.

त्या घरून फोन आला तो दुपारी जेवून उठलो तेव्हा. बोलणारा माणूस घाईत होता. गाडी जुनी, थोरल्या भावाची. भाऊ आजारपणात गेले. गाडी एक दिवस गुण्यागोविंदानं चालते, दुसऱ्या दिवशी सकाळी ढिम्म. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. आणि उद्या काही झालं तरी तिला खाली स्टेशनपर्यंत न्यायचंय. मी पेटी उचलली आणि निघालो.

घर टेकडीच्या माथ्यावर, एकटंच. रस्ता वळणं घेत घेत त्यांच्या फाटकाशी जाऊन संपतो. त्या दिवशी धुकं असं होतं की मागं वळून पाहिलं तर आपण आलो तो रस्ताही कुणी गुंडाळून ठेवल्यासारखा वाटत होता. फोन केलेले गृहस्थ फाटकाशीच उभे होते. खालच्या बाजारात त्यांना सगळे 'धाकटे' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. चाळिशी उलटलेले, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. थोरल्यांच्या पत्नी, म्हणजे त्यांच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण नजर माझ्यावर नव्हती. धाकट्यांवर होती.

गॅरेज घराच्या पोटात, टेकडीत खणून काढलेलं. खिडकी नाही. घरातून एक जिना थेट खाली तिथं उतरतो. भर दुपारी आत हातदिवा लावावा लागला. जुन्या पेट्रोलचा वास, ओलसर गालिच्याचा वास, आणि गार लोखंडाचा. मध्ये ती गाडी. काळी, लांब नाकाची, डोळे मिटून पडल्यासारखी.

मी माझी बॅटरी जोडून स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, खोकलं, गप्प झालं. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडझाप करतात तेव्हा ठिणगी पडते. दोन्ही काळे ठिक्कर. ते पॉइंट जळू न देणारा कंडेन्सरही गेलेला. पॉइंट घासले, त्यांच्यातली फट लावली, कंडेन्सर बदलला, कॉइलच्या वायरी घट्ट केल्या. पुन्हा चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या फेरीत सुरू झाली. माझंच मला कौतुक वाटलं.

"झालं ना?" धाकट्यांनी विचारलं.

"ठिणगीचं झालं. बॅटरी का उतरते ते बघायचं राहिलंय."

"ते राहू द्या. उद्यापुरती चालली की पुरे."

हे मला खटकलं. बॅटरी उतरते म्हणून बोलावणारा माणूस तेवढंच सोडून बाकी सगळं करा म्हणतो? मी म्हटलं, अर्धं काम टाकून गेलो तर रात्री झोप लागत नाही मला. ते हसले, पण नुसत्या ओठांनी.

"उद्या चालवणार कोण?" मी विचारलं. "गार इंजिन सुरू करायला चोक ओढावा लागतो, तो जरा समजावून सांगायचाय."

"वहिनी. बहिणीकडे जायचंय त्यांना. स्टेशनपर्यंत एकट्याच नेतील." तेवढ्यात वर फोन वाजला म्हणून ते गेले.

थोड्या वेळानं वहिनी चहा घेऊन जिन्यानं खाली आल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. जमिनीवर पाय काही ठेवला नाही. मी म्हटलं, "वहिनी, या, चोक कसा ओढायचा ते दाखवतो. उद्या तुम्हीच नेणार ना गाडी?"

"मी?" त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "मला कुठं जायचंय? उद्या धाकटे जातायत, एकटेच. मला तर या गाडीत बसवतसुद्धा नाही."

एवढं बोलून त्या वर गेल्या. मी कप हातात घेऊन उभा. एका घरात राहणारी दोन माणसं, उद्याची गोष्ट, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, आणि कोण ते मला चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. मनात म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपण वायर बघावी.

वीज गळते कुठं ते शोधायची रीत सोपी. सगळं बंद करायचं, दारं लावायची, बॅटरीची एक तार सोडवून मध्ये अँपिअरमीटर जोडायचा. सुई शून्यावर हवी. ती हलली तर कुणीतरी वीज खातंय. मी जोडला. सुई शून्यावर. वाट बघितली. बाहेरचा उजेड कमी होत चालला होता. वर पावलांचा आवाज आला, थांबला. आणि सुई हलली.

झटक्यानं नाही. सावकाश चढली, थांबली, खाली आली. मी बॉनेटच्या बाजूनं वाकून बघत होतो. गॅरेजची मागची भिंत लाल झाली होती. हळूहळू ती पुन्हा काळी पडली. सुई पुन्हा चढली. भिंत पुन्हा लाल.

ब्रेकचे दिवे. त्या गाडीत ते दिवे लागायला चावी लागत नाही. पेडलच्या दांड्यावर एक स्विच असतो. पेडल दाबलं की दिवे. हात्तिच्या, म्हटलं, स्विच अडकतोय! एवढ्याशा कारणासाठी दोन बॅटऱ्या मारल्या यांनी. स्विच काढावा म्हणून मी ड्रायव्हरच्या बाजूनं गेलो आणि काचेतून हातदिवा आत धरला.

स्विच अडकत नव्हता. पेडल खाली जात होतं.

मी बघत होतो. आत कुणी नव्हतं. सीट रिकामी, चाक स्थिर. आणि खाली ते रबर चढवलेलं पेडल आपोआप दाबलं जात होतं, अगदी तळापर्यंत, आणि वर येत होतं. कुंय… ठप्प. कुंय… ठप्प. मग जरा घाईनं. मग आणखी घाईनं. उतारावर गाडी सुटल्यावर माणूस कसा जिवाच्या आकांतानं ब्रेक मारत राहतो, तसं. भिंत लाल, काळी, लाल, काळी. आणि मग एकदम सगळं थांबलं. त्या शांततेत गाडी स्प्रिंगांवर पुढं झुकली. काहीतरी समोरून आदळल्यासारखी. आणि हळूच मागं येऊन स्थिर झाली.

किती वेळ भिंतीला चिकटून उभा होतो, सांगता येणार नाही. पळालो कसा नाही, याचं आजही नवल वाटतं. पण एक गोष्ट डोक्यात घर करून बसली होती. पेडल तळापर्यंत जात होतं. चांगल्या ब्रेकचं पेडल तळाला टेकत नाही. मी दिवा घेऊन पुढच्या चाकाशी आडवा झालो. ब्रेकच्या तेलाची नळी जिथं जोडलेली असते तिथला नट सैल होता. खाली तेलाचं थारोळं, ताजं. सगळा सांगाडा मातीनं माखलेला, आणि तो एक नट तेवढा पान्याच्या ओरखड्यांनी चकचकीत.

नट आपोआप सैल होतो, पण ओरखडे आपोआप येत नाहीत.

जिन्यानं वर आलो. वहिनी वरच्या पायरीवर अंधारात उभ्या होत्या, जणू माझीच वाट बघत.

"वहिनी… या गाडीत कुणी बसू नका."

"ब्रेकमुळे?" त्या म्हणाल्या.

मी ब्रेकचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. आवाज इतका खाली आणला की मला पुढं वाकावं लागलं. "पेडलचा आवाज मला वर खोलीत ऐकू येतो, मिस्त्री. रोज. दिवेलागणीला. ती… ती मला सांगायला बघते…"

पॅसेजमध्ये पावलं वाजली. वहिनींनी तोंड मिटून घेतलं. धाकटे आले आणि त्या भिंतीला लागून आत निघून गेल्या.

धाकटे मला फाटकाकडे घेऊन गेले. माझ्या डोक्यात गणित मांडून झालं होतं. गाडी थोरल्यांची. मेलेला भाऊ धाकट्या भावाला सावध करतोय. आणि ब्रेक निकामी आहे हे बाईंना न सांगता ठाऊक आहे. मी नटाचं सांगितलं. पेडलचं सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं.

ते ऐकून धाकट्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "वहिनींनी तुम्हाला काही सांगितलं?"

"नाही. पण ब्रेकचं त्यांना आधीच माहीत होतं."

"मला वाटलंच होतं," ते सावकाश म्हणाले. "भाऊ गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. घरातली गोष्ट आहे, मिस्त्री, चव्हाट्यावर नको. मी गाडीच काढून टाकतो. आत्ता. तुमच्या ओळखीचा कुणी क्रेनवाला आहे?"

होता. मीच फोन करून बोलावला. बॅटरी माझ्या हातानं काढून ठेवली. पुरता काळोख व्हायच्या आत गाडी ट्रकवर चढली, साखळ्यांनी बांधली, आणि भंगारवाड्याच्या दिशेनं धुक्यात उतरून गेली. वहिनी दारात आल्या होत्या. त्या माझ्याकडे यायला निघाल्या, तेवढ्यात धाकट्यांनी त्यांच्या दंडाला धरलं. "आत चला, वहिनी. गारठा आहे." फार प्रेमानं म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा अपराधी वाटली.

सकाळी वर्कशॉप उघडतोय तर क्रेनवाला पायरीवर बसलेला. तोंड उतरलेलं.

"काय हो मिस्त्री," तो म्हणाला, "गाडीत बाई आहेत हे आधी सांगायचं ना! ट्रकवर माणूस बसवून न्यायची परवानगी नसते."

"कुठल्या बाई?"

"पुढं बसलेल्या. मला आरशात दिसल्या त्या निम्मा उतार झाल्यावर. पंचविशीतल्या असतील. भंगारवाड्यात पोचल्यावर म्हटलं, बाई, उतरा आता. तर म्हणतात, जाऊबाई आल्याशिवाय उतरणार नाही. आता मी कुठून आणू त्यांच्या जाऊबाई? रखवालदाराला सांगून घरी गेलो. रात्रभर डोळा लागला नाही."

मी हातातली किल्ली खाली ठेवली. त्या घरात भाऊ दोनच. थोरले आणि धाकटे. वहिनींना जाऊबाई म्हणणारी बाई एकच असू शकते. धाकट्यांची बायको. वहिनी जिन्यात 'ती' म्हणाल्या होत्या, 'ते' नाही. आणि धाकट्यांचं लग्न झालं होतं हे मला ना त्या घरात कुणी सांगितलं, ना बाजारात.

त्यांच्या घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. धाकट्यांनी उचलला.

"वहिनी आहेत का?"

"वहिनी?" ते म्हणाले. "त्यांना काल संध्याकाळीच सोडून आलो. भाड्याची गाडी केली."

"बहिणीकडे पोचल्या का नीट?"

"पोचल्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला. कुठं ते म्हणालेच नाहीत.

मी वळलो. क्रेनवाला अजून पायरीवरच होता. म्हटलं, "चल, वाड्यात जाऊन बघू. त्या बाईंना काय ते विचारू."

"आता कशाला?" तो उठत म्हणाला. "इकडे येताना डोकावलो होतो मी. त्यांचं झालं काम. आल्या त्यांच्या जाऊबाई. दोघी बसल्यात पुढं."