राक्षसीण म्हणाली थँक्यू

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, हे वेल्समधल्या कार्डिफच्या पोरांचं बाळकडूच. त्याला बिचारी नेस्ता तरी काय करणार!

‘चांदण्यांचं बंदर’ ही तिच्या बाबांचा जीव की प्राण असलेली टीव्ही मालिका कित्येक वर्षांनी पुन्हा सुरू होत होती. पहिल्याच भागाचं शूटिंग, आणि नेस्ता डोक्यावर भलामोठा शिंपला चढवून समुद्रातून आलेली राक्षसीण! बसमधल्या माणसांना भिववायचं, फुत्कारत उतरायचं, बस्स. ती फुत्कारली, उतरली... आणि मागे वळून, हात वर करून म्हणाली, "थँक्यू हं, ड्रायव्हर!"

ड्रायव्हर खराखुरा होता, बसबरोबरच भाड्यानं आणलेला. भीतीनं थरथरायचं सोडून तो म्हणाला, "जपून जा गं!"

उजेड गेला होता, शॉट पुन्हा घेता येईना. नेस्तानं शिंपल्यासकटच धूम ठोकली. बाबांची लाडकी मालिका आपण पहिल्याच भागात बुडवली, या विचारानं तिला पुढे कित्येक दिवस अन्न गोड लागेना. आणि शिंपल्यातून चेहरा दिसला नसला, तरी ड्रायव्हरचा तो आवाज... तोही काही केल्या डोक्यातून जाईना.

मालिका लागली त्या शनिवारी स्प्लॉट वस्तीतली त्यांची सगळी गल्ली क्लबात जमली होती. पडद्यासमोर घराशेजारची मेर मावशी पाय पसरून बसली होती. नेस्ता मागच्या रांगेत अंग चोरून बसली. शेजारी एक उंच तरुण येऊन टेकला.

"चिप्स घे ना," तो म्हणाला. "चेहरा असा का? परीक्षेचा निकाल आहे का?"

तोच आवाज! नेस्तानं दचकून मान खाली घातली.

"त्याहून वाईट," ती कशीबशी पुटपुटली.

दिवे मालवले. समुद्रातून दीपगृह वर उसळलं, चांदण्यांत झेपावलं, आणि सगळा क्लब श्वास रोखून बघत राहिला. काय देखणं केलं होतं त्यांनी! मेर मावशी चक्क डोळे पुसत होती. मग बस आली. नेस्तानं डोळे गच्च मिटले.

"थँक्यू हं, ड्रायव्हर!"

क्लबात हशा फुटला. पण पडद्यावर दीपगृहाची राखणदारीण बंदूक खाली करत होती. "जी थँक्यू म्हणते," ती हळूच म्हणाली, "तिच्यावर गोळी कशी झाडू मी?"

हशा थांबला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मेर मावशीचा ग्लास कलंडला. चूक झाकायची सोडून मालिकावाल्यांनी त्या चुकीवरच अख्खा भाग उभा केला होता! नेस्ताला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"तूच ना ती?" शेजारचा एकदम म्हणाला. "मी एमलिन. तुझ्या पत्त्यासाठी कपडेपटातल्या बाईंच्या मागे हात धुऊन लागलो होतो. त्यांनी एवढंच सांगितलं, स्प्लॉटच्या क्लबात जा, जी लपून बसली असेल तीच."

"एवढी खटपट? कशासाठी?"

"फुत्कारता फुत्कारता जिला माझी आठवण राहिली..." त्याचे कान लाल झाले. "शिंपल्यातली ती मला तेव्हाच आवडली. अगदी मनापासून."

"वेडा आहेस का? चेहरासुद्धा पाहिला नव्हतास!"

"नाही ना. तो आजच पाहतोय."

नेस्तानं कपाळावरचे केस मागे सारले आणि त्याच्याकडे वळून बसली.

"मग बघ की नीट," ती म्हणाली. "मला कुठं जायची घाई नाही."