ड्रॅगनच्या आतली आत्या

"याल तर ड्रॅगनच्या आतच या, अक्का," सुधारानी म्हणाली. "आणि पाव्हणे जाईस्तोवर ते डोकं काढू नका."

शिवकन्याचा शिलाई मशीनवरचा पाय थांबला. सुईखाली हिरव्या मखमलीचा लांबट तुकडा होता, ड्रॅगनच्या शेपटीचा. भावजय बिदरहून बसवकल्याणला एकटी आली, तीही कामाच्या दिवशी रजा टाकून, तेव्हाच ती काहीतरी बोलायला आलीय हे शिवकन्याने ओळखलं होतं. चहा झाला, उन्हाचं बोलणं झालं, कापडाची चौकशी झाली आणि मग हे वाक्य आलं. ते इतक्या मऊ आवाजात आलं की, त्याची धार कळायला थोडा वेळ गेला...

सुधारानीच्या वचनाचं सहावं वर्ष पूर्ण होत होतं. टॅबवर ती एक खेळ खेळायची. त्यात एकामागून एक लेव्हल पार करत जायचं आणि शेवटी गुहेतल्या ड्रॅगनला हरवून किल्ली मिळवायची. वाढदिवस तसाच पाहिजे, घराची प्रत्येक खोली म्हणजे एक लेव्हल, आणि केकच्या खोलीची किल्ली ड्रॅगनच्या गळ्यात, असा तिचा हट्ट होता. बापाने, म्हणजे शिवकन्याच्या धाकट्या भावाने, अरुणकुमारने, तो मान्य केला. कॉलेजात शिकवणारा माणूस पुठ्ठ्याचे किल्ले कापत बसला होता. पोरीची दुसरी अट अशी होती की ड्रॅगन आत्यानेच शिवायचा आणि वाढदिवसाला आत्या आलीच पाहिजे. सुधारानीला आत्या वाढदिवसाला नकोच होती. पण पोरीपुढे इलाज चालला नाही, म्हणून तिने हा मधला मार्ग काढला होता.

"बरं," शिवकन्या म्हणाली. "न्हाई काढणार."

"शब्द?"

"शब्द दिला की गं."

सुधारानी उठली, दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच बोलली. वाढदिवस झाला की अक्कांनी दर रविवारी बिदरला, मैलूरच्या घरी येणं बंद करावं. पोरगी मोठी व्हायलीय, दिवसेंदिवस अक्कांसारखी दिसायलीय. तीच भुवई, तीच हनुवटी. उद्या कुणी तिच्या तोंडावर काही बोललं, तर तिनं कुणाकडं बघायचं?

रविवारची सकाळची बस, खिडकीजवळची जागा, मांडीवर शेंगाच्या पोळ्यांचा डबा आणि मैलूरच्या घराच्या फाटकावर लोंबकळत "आत्या आली, आत्या आली" म्हणून ओरडणारी पोरगी... एवढ्यावर शिवकन्याचा आठवडा उभा होता. तिने सुईत पुन्हा दोरा ओवला. दोरा ओवताना नजर खालीच ठेवावी लागते, ते बरं असतं.

वचना तिच्या पोटची होती.

घरात हे चौघांना ठाऊक होतं. शिवकन्याचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हा तिला पाचवा महिना होता. ती माहेरी आली, बसवकल्याणला, बापाकडे. त्याच काळात सुधारानीही गरोदर होती. तिचं बाळ जन्मतःच गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत शिवकन्याला मुलगी झाली. भावजयीला भेटायला ती ओली बाळंतीण असतानाच गेली, तर सुधारानी भिंतीला टेकून बसलेली, शेजारी रिकामा पाळणा, आणि दुधाने पुढून भिजलेलं पातळ. ती रडतही नव्हती. शिवकन्याचं लेकरू त्या वेळी भुकेनं रडलं, आणि त्या रडण्यासरशी सुधारानीचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. शिवकन्याने लेकरू त्या हातांत दिलं. ते दूध प्यालं आणि झोपलं. मग ते परत मागावं असं शिवकन्याला वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटलं... पण मागितलं नाही. तिच्या वडिलांनी, रेवणप्पांनी, नंतर चार शब्दांत सगळं ठरवलं, की लेकराला बापही मिळेल आणि आईही, आणि गेलेलं बाळ शिवकन्याचं, असं बाहेर सांगायचं. पण ठरायचं ते त्या खोलीत आधीच ठरलं होतं.

बारशाला आत्याचा मान तिचाच होता. विधवेनं पाळण्याजवळ कसं जायचं, अशी कुजबुज झाली तेव्हा रेवणप्पांनी कपाळावरची विभूती सारखी केली आणि आपल्यात, बसवण्णांना मानणाऱ्यांत, असला भेद चालत नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. शिवकन्या पाळण्यावर वाकली. रिवाजाप्रमाणे बायका तिच्या पाठीत धपाटे घालू लागल्या, हसू लागल्या, आणि त्या धपाट्यांखाली आपल्याच पोटच्या लेकराच्या कानात आत्या म्हणून तिने नाव सांगितलं. पाठ दुखली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं बायकांना वाटलं. समोर सुधारानी बसली होती. ती मात्र हसत नव्हती. नणंदेच्या हलणाऱ्या ओठांकडे टक लावून बघत होती.

त्या दिवसापासून दोघींमध्ये एक पडदा आला. वचनाच्या पहिल्या वाढदिवसापासून ओवाळायला पाच सवाष्णी बोलावल्या जाऊ लागल्या आणि अक्कांना स्वयंपाकघरात काम निघू लागलं. लोक नावं ठेवतात, असं सुधारानी सांगायची. शिवकन्या पुऱ्या तळायची आणि बाहेरचं औक्षण आवाजावरून ओळखायची.

वाढदिवस मे महिन्यात आला. दुपारी चारलाही मैलूरच्या गच्च्यांवरून झळा उठत होत्या. पहिल्या खोलीत उशांवरून उड्या मारायच्या होत्या, खाली लाव्हा. दुसऱ्या दारात रेवणप्पा पुठ्ठ्याचा मुकुट घालून पहारेकरी म्हणून बसले होते. ते कानडीत कोडं घालायचे, आणि इंग्रजी शाळेतली पोरं अडली की स्वतःच उत्तर पुटपुटून त्यांना आत सोडायचे. "आज्जा, तुम्ही चिटिंग करायलाव," वचनाने सगळ्यांदेखत सुनावलं. "पहारेकरी म्हातारा झालाय, बाई," रेवणप्पा म्हणाले.

शेवटची लेव्हल मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. तिथे ड्रॅगन बसला होता.

आतून मखमल, मधे फोम, डोक्याला जाड पुठ्ठा. शिवकन्याने डोळ्यांसाठी ठेवलेली भोकं लहान होती. तिने ती मुद्दामच लहान ठेवली होती, कारण भुवई दिसू नये. समोर मोठा पंखा लावला होता. सुधारानीने दोनदा तालीम घेतली होती: पोरं मोज्यांचे चेंडू मारतील, सगळे चेंडू संपले की उजव्या अंगाला पडायचं, तिकडे गादी घातलीय, मग वचना येऊन गळ्यातली किल्ली काढेल. तेवढं झालं की ड्रॅगनने पडूनच राहायचं, माणसं केककडे जातील.

पोरं आली आणि करंट गेला.

पंख्याची पाती मंदावली, थांबली. चेंडू येऊ लागले... पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर. मऊ चेंडू, त्यांनी काय लागणार! पण आतल्या काळोखात शिवकन्याला ते बारशातले धपाटे वाटू लागले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात आत जात नव्हता. भोकातून तिने एकदाच वचनाला नीट पाहिलं, लाल फ्रॉक, दात पडलेलं हसू. हे शेवटचं बघणं आहे, हे तिला आठवलं. श्वास पुरेना. डोकं वर उचलून नुसती फट केली असती तरी वारा आला असता. दोन्ही हात डोक्यापर्यंत गेले... आणि शब्द दिला होता म्हणून खाली आले.

पुढचं तिला नंतर अरुणने सांगितलं. ड्रॅगन पडला तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरं नाचू लागली. पण तो डाव्या अंगाला पडला होता, उघड्या फरशीवर. टाळ्या वाजवणाऱ्यांत हे एकट्या सुधारानीला कळलं, कारण गादी तिने स्वतः घातली होती. हातातलं ताट टाकून ती धावली, गुडघ्यांवर बसली, डोक्याला हात घातला आणि क्षणभर थबकली. समोर फोटोग्राफर होता, अरुणच्या कॉलेजातले लोक होते, निंबर्ग्याहून आलेलं तिचं माहेर होतं, आणि शेजारी किल्लीसाठी वाकलेली वचना होती. ज्या तोंडाला ती इतकी वर्षं झाकत आली होती, ते तोंड आता तिलाच उघडं करायचं होतं. तिने शिवण टराटरा उसवली आणि डोकं काढून फेकलं.

"आत्या!" वचना किंचाळली.

दोन चेहरे शेजारी शेजारी आले. एक घामाने न्हालेला, मिटल्या डोळ्यांचा, एक घाबरलेला. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या शेजारच्या रुद्रम्मांनी शिवकन्याच्या तोंडावर हबका मारला, पोरीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"पोरगी पार आत्याच्या वळणावर गेलीय की वो," त्या म्हणाल्या. "आमच्या नातीचं बी तसंच. सगळं आत्याचं उचललंय, नाकासकट. सरका, वारा येऊ द्या."

आणि सगळे नुसते सरकले. ज्या गोष्टीच्या भीतीने सुधारानीने एवढी वर्षं दारं लावून घेतली होती, ती एवढीच होती.

शुद्ध आली तेव्हा शिवकन्या आतल्या खोलीत होती. करंट आला होता. सुधारानी तिचे तळपाय ओल्या फडक्याने पुसत होती. मीठ घातलेलं ताक तिने पाजलं आणि वाटी खाली ठेवली.

"जीव गेला असता, अक्का. डोकं कामून काढलं न्हाई?"

"तुला शब्द दिला होता."

सुधारानीने फडकं पुन्हा पिळलं. बाहेरून पोरांचा गलका येत होता. मग तिने जे विचारलं, ते सहा वर्षं तिच्या घशात अडकलेलं होतं.

"बारशाच्या दिवशी तिच्या कानात तुम्ही काय सांगितलंत? मी समोर बसले होते. नाव घ्यायला तेवढा वेळ लागत न्हाई. तुमचे ओठ हलतच होते... मला वाटलं, तिला तुम्ही खरं सांगून ठेवलंय. तान्ह्या लेकराला काय कळतंय, म्हणून मी मनाला समजावायची. पण ती रडली आणि माझ्याजवळ गप झाली न्हाई की वाटायचं, हिला ठाऊक हाय. हिच्या कानात हाय ते."

शिवकन्या उठून बसली. हे कधी कुणाला सांगावं लागेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"खरंच सांगितलं मी तिला," ती म्हणाली. "म्हणलं, बाळ, मी तुजी आत्या हाय. ती समोर बसलीय ती तुजी आई. तिचं दूध पिलीस, आता तिचीच हो. माज्याकडं वळून बघू नगंस... आन् मग नाव सांगितलं."

सुधारानीने तिच्या ओल्या पावलांवर डोकं टेकवलं. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. रिकाम्या पाळण्याशेजारी न आलेलं रडू आज येत होतं.

"मी तुम्हाला स्वयंपाकघरात कोंडलं, अक्का. सवाष्णीचं निमित्त करून. आपल्या घरात, आपल्या बसवण्णांच्या गावची लेक असून तुम्हाला..."

"भ्यायली होतीस तू. लेकराला जपणारी बाई भितेच. मी आई असते तर मीबी भ्याले असते."

"असते म्हणू नका," सुधारानी म्हणाली. तिने डोळे पुसले. "ती मोठी झाली की आपण दोघी मिळून सांगू तिला. माझ्या तोंडानं सांगेन मी. तुम्ही शेजारी बसा."

दारात वचना उभी होती. हातात ड्रॅगनचं उसवलेलं डोकं आणि किल्ली. "ड्रॅगन मेला न्हाई न्हवं?" तिने विचारलं.

"न्हाई गं माय," शिवकन्या म्हणाली.

"मग केक कापू. पण ड्रॅगनला बी पाहिजे. त्यानं लई मार खाल्लाय."

बाहेर पाट मांडला होता. निरांजनाचं ताट तयार होतं आणि पाच सवाष्णी पदर सावरून उभ्या होत्या. सुधारानीने ते ताट उचललं, घामाने डागाळलेल्या साडीत कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या नणंदेकडे गेली आणि तिच्या हातात दिलं. निंबर्ग्याच्या एका म्हाताऱ्या मावशीने घसा खाकरला. रेवणप्पांच्या डोक्यावर मुकुट अजून होता. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला.

"जिनं लेकराला नाव दिलं, तिनं पयलं ओवाळायचं," सुधारानी म्हणाली. "बाकीच्यांनी मागून."

शिवकन्याने ओवाळलं. ज्योत हलत होती, पण विझली नाही. पोरीच्या कपाळावर कुंकू लावताना तिने ती भुवई जवळून पाहिली, आणि या वेळी नजर चोरली नाही.

"आत्या, बारशाच्या फोटोत तू माझ्या कानात बोलायलीस," वचना म्हणाली. "तसं कर की."

शिवकन्याने सुधारानीकडे पाहिलं. सुधारानीने मान हलवली. शिवकन्या वाकली, आणि तिच्या पाठीवर हलकेच एक धपाटा पडला. बारशाच्या दिवशी आई म्हणून समोर बसलेल्या सुधारानीला तो घालता आला नव्हता.

या खेपेला शिवकन्याला काही समजावायचं नव्हतं. तिने लेकराच्या कानात फक्त नाव घेतलं.