परत न केलेली पट्टी

नागरत्नाच्या पत्राला श्रीपतरावांनी उत्तर पाठवलं नव्हतं, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

पत्र हरवलं नव्हतं. हुमनाबादच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात चष्मा हरवायचा, किल्ल्या हरवायच्या. पण ते पत्र कुठे आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. जाड शब्दकोशात, अगदी मधोमध. सोबत एक कापडी पट्टी. हिरवी, चार बोटं रुंद, काठाला लाल दोऱ्याची बारीक शिवण.

पत्र फार मोठं नव्हतंच.

‘मान कशी हाय? फोन केला की तुम्ही नुसतं हं-हं करायलाव, म्हणून कागदावर इचारायलेय. पुस्तकातलं माणूस कागदावर तरी बोलंल. येळवस शुक्रवारी हाय. आमच्या मुडबीच्या शेतात या आंबील प्यायला. यायचं नसंल तर माझी पट्टी पोस्टानं धाडून द्या. म्हंजी मला काय समजायचं ते समजंल. — नागरत्ना.’

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी या भागात घरी कुणी जेवत नाही. सगळा गाव आपापल्या रानात, ज्वारी-ताकाची आंबील प्यायला. अशा दिवशी एखाद्या बाईनं एखाद्या माणसाला आपल्या शेतात बोलावणं ही काही साधी गोष्ट नव्हे, एवढं श्रीपतरावांनाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते गेले नाहीत. आणि पट्टी? पट्टीही त्यांनी धाडली नाही.

श्रीपतरावांचं आयुष्य खरोखरच मान खाली घालून गेलं होतं. चौतीस वर्षं हायस्कूलच्या वाचनालयात. नोंदी करताना मान खाली, वाचताना खाली, आणि कुणी बाईमाणूस समोर आलं की आणखी खाली. लग्न राहून गेलं ते असंच, कुणी नको म्हटलं म्हणून नव्हे, तर त्यांनी कुणाला विचारलंच नाही म्हणून. निवृत्त झाले त्या वर्षी मानेनं सूड उगवला. डावीकडे वळेचना. रस्ता ओलांडायचा तर अख्खं अंग फिरवावं लागे.

डॉक्टर म्हणाले, मणक्यांची झीज आहे, पट्टा लावा, व्यायाम करा. व्यायाम कोणते ते पुतणी स्नेहानं दाखवले. ती कलबुर्गीच्या एका दवाखान्यात हेच काम करायची.

“काका, दिवसातनं दोनदा. दहा-दहा मिनटं. बास.”

“एवढ्यानं होतं?” काकांनी शंकेनं विचारलं होतं.

“तुम्ही वहीत लिहून ठेवून करणारच न्हाईत, तर कशानं होईल?”

वही होती खरी. मानेची वही. दुखणं जुनं झालं की माणूस वैतागतो, श्रीपतराव मात्र कुतूहलानं भरून गेले. मिठाच्या पुरचुंडीचा शेक, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या, कानाच्या पाळीत सुया टोचणारा एक जण... कोण काय सांगतं, त्यात कितपत तथ्य असेल, सगळं बारीक अक्षरात टिपून ठेवत. मग कुणीतरी दुबलगुंडीच्या मल्लप्पाचं नाव सांगितलं, आणि एका गुरुवारी सकाळी ते बसमध्ये बसले.

मल्लप्पा शेतकरीच होता. फक्त गुरुवारी मानेला हात लावायचा. कडाकड मोडणं नाही, मंत्र नाही.

“हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर पडतात का?” त्यानं आधी विचारलं. “पडत असतील तर आल्या बसनं दवाखान्यात जावा. ते माझं काम न्हाई.”

नाही म्हटल्यावर त्यानं ओळीत बसवलं. कोमट तेलानं हलक्या हातानं चोळायचं, मग तव्यावर शेकलेलं एरंडाचं पान मानेला लावायचं. आणि पान बांधायचं ते मात्र मल्लप्पानं नाही, ओळीत मागं बसलेल्यानं, आपल्या घरून आणलेल्या पट्टीनं. ज्याची मान दुखते त्यालाच दुसऱ्याची किती आवळावी ते कळतं, असा तिथला हिशेब. पट्टी दुखणाऱ्यानं घरी न्यायची, रोज पान बांधायचं, आणि मान बरी झाली की धुऊन ज्याची त्याच्या हातात परत द्यायची. तोवर मल्लप्पाच्या लेखी माणूस बरा नाही.

श्रीपतराव मल्लप्पाच्या रानाकडेच्या कडुलिंबाकडे तोंड करून बसले होते. पान चांगलंच गरम होतं. तेवढ्यात मागून, डावीकडून, आवाज आला.

“हलू नका अण्णा. मापात बसंना झालंय.”

दोन हात पुढं आले. गळ्याला बोटही न लावता पट्टी फिरली, गाठ बसली. ना सैल, ना घट्ट.

“टोचायलंय का?”

“हं.”

“हं म्हंजी व्हय का न्हाई?”

“न्... नाही.”

“मुडबीत शिलाईचं दुकान हाय माझं. तीस वर्षं मशीनवर वाकायलेय. ब्लाऊजचा गळा चुकंल एक वेळ, पण माणसाचा न्हाई चुकायचा.” मागची सगळी ओळ हसली. “मला मात्र ही मागची लक्ष्मम्मा बांधायली. गाईला दावं बांधल्यावानी!”

“मग पळशील की!” लक्ष्मम्मा म्हणाली.

श्रीपतरावांना मागं वळून बघायचं होतं. पण ती बसली होती डावीकडे, आणि डावीकडेच तर वळत नव्हती मान.

पाच गुरुवार असेच गेले. श्रीपतराव लवकर पोचायचे आणि लिंबाखाली रेंगाळायचे. ती आली की तिच्या बरोबर पुढची जागा धरायचे. समोर तुरीचं रान पिवळ्या फुलांनी भरलेलं, आणि डाव्या कानाशी तो आवाज. इतकं बोलणारं माणूस त्यांनी आयुष्यात इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. भाऊ चन्नवीर कलबुर्गीत व्यापार करतो. शेत दोघांचं, पण राखते ती एकटी. आणि ती विचारायचीही किती!

“एवढं वाचून काय कळलं?”

“फारसं काही नाही.”

“खरं बोलायलाव की लाजायलाव?”

“...दोन्ही.”

ती खळखळून हसली. त्या दिवशी घरी आल्यावर श्रीपतरावांनी पट्टीची शिवण भिंगाखाली धरून पाहिली. एका इंचात बावीस टाके! फेकून द्यायच्या जुन्या कापडाला कुणी इतकी काठशिवण घालतं? तिचा चेहरा कसा असेल?... गोल? उभट? बोलताना भुवया उडत असतील का? मानेची वही उघडून ते बराच वेळ बसले. पण हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते सुचेना.

चौथ्या गुरुवारी त्यांनी धीर करून तिला स्नेहाचं नाव, दवाखान्याचा पत्ता आणि खाली स्वतःचा पत्ता, फोन नंबरही लिहून दिला. “पानाबरोबर व्यायामही हवा... मी सुरू केलाय. सकाळ-संध्याकाळ.”

“बघू. चिठ्ठी तर छान लिहिता की हो तुम्ही,” ती म्हणाली. आणि श्रीपतरावांच्या ध्यानात आलं, आज एकदाही ‘अण्णा’ म्हटलं नाही हिनं.

पाचव्या गुरुवारी गाठ मारून झाल्यावर कसं कोण जाणे, मान वळली. डावीकडे. पुरती.

नाकात मोरणी, चष्म्याला दोरी, कानाजवळ पांढरे केस, पुढच्या दोन दातांत बारीकशी फट. आणि भुवया उडत होत्या.

“काय बघायलाव?”

“मान... फिरली.”

“मग फिरू द्या की,” ती हळूच म्हणाली. “लगेच पुढं कामून केली?”

पुढच्या गुरुवारी पट्टी धुऊन परत द्यायला हवी होती. श्रीपतरावांनी ती धुतली, वाळवली, इस्त्री केली... आणि बसस्टँडवरून परत आले. पट्टी दिली की संपलं सगळं. न द्यावी तर कशासाठी ठेवली, म्हणून कुणी विचारलं तर? बासष्ट वर्षांचा, हं-हं करणारा माणूस. तिनं आपलं माणुसकीनं चार शब्द विचारले असतील, आणि आपण काय काय समजून बसलो!

महिन्याभरानं पत्र आलं. त्यांनी उत्तरं लिहिली, एक नाही, सतरा. प्रत्येक उत्तर तब्येतीपासून निघून एरंडाच्या गुणधर्मांपाशी जाऊन थांबायचं. तोवर येळवस होऊन गेली. मग उशीर झाला म्हणून लाज, आणि लाजेमुळे आणखी उशीर.

यंदा येळवस सहा दिवसांवर आली असताना स्नेहा रविवारी हुमनाबादला आली. काकांची मान दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि खूश झाली.

“पाळण्यातल्या लेकरावानी फिरायलीय. बघा, व्यायाम!”

“हं.”

“काका, परवा मुडबीच्या एक अक्का आल्या होत्या माझ्याकडं. शिलाईवाल्या. तुमची चिठ्ठी दाखवली. वर्षाची जुनी, पार घड्या पडलेली.”

श्रीपतरावांनी हातातला चहा खाली ठेवला.

“व्यायाम शिकवला. जाताना इचारलं त्यांनी, काकाची मान कशी हाय? मी म्हटलं, वर्ष झालं की ठणठणीत होऊन. तर चष्मा काढून पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, वर्ष झालं? आणि माझी पट्टी?” स्नेहानं काकांकडे रोखून पाहिलं. “कसली पट्टी, काका?”

काकांनी चोरट्या नजरेनं टेबलाकडे पाहिलं. स्नेहाची नजर टेबलावरच्या शब्दकोशाकडे गेली. हिरवं टोक बाहेर डोकावत होतं. तिनं पट्टी ओढली, तसं पत्रही आलं. वाचून झाल्यावर तिनं त्याची पुन्हा नीट घडी घातली.

“ती आणखी काय म्हणाली?” श्रीपतरावांनी शेवटी विचारलं.

“या येळवशीनंतर दुकान बंद करायलेत. भावाकडं राहायला जाणार, कायमचं. म्हणाल्या, एकटीनं शेतात आंबील पिऊन कट्टाळा आला.” तिनं पट्टी काकांसमोर ठेवली. “काका, तुम्हाला त्या आवडत न्हाईत का?”

“आवडण्याचा प्रश्न नाही गं. माझ्यात आहे काय?”

“ते त्यांना इचारलं?”

“...नाही.”

स्नेहानं रागानं मानेची वही पुढ्यात ओढली आणि शेवटची पानं चाळू लागली. “‘व्यायाम आठ दिवस बंद. मान धरली. पुन्हा चालू. सुटली.’ बघा! ‘पान बंद करून पाहिलं. विशेष फरक नाही. गुरुवारी दुबलगुंडीला जाणं बंद...’” ती अडखळली. “पुढं काय? वाक्य अर्धंच सोडलंय.”

श्रीपतरावांनी वही तिच्या हातातून घेतली. त्या अर्ध्या वाक्याकडे ते बघत राहिले. वर्षभर ते तसंच होतं. इतक्या गोष्टी ताडून पाहिल्या आपण, ही एक तेवढी पाहिलीच नाही.

“स्नेहा, तू जरा बाहेर बस,” ते म्हणाले. “आज पत्र टाकलं तर मुडबीला कधी पोचेल?”

“आज ऐतवार हाय. उद्या पेटी उघडंल, बुधवारपातूर पोचंल. पण काका, मी गाडीवर नेऊन देते की! न्हाईतर सरळ फोन—”

“नको. तिनं कागदावर विचारलंय.”

अठराव्या कागदाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

‘नागरत्ना,

मान बरी झाली, त्याला वर्ष झालं. कशानं झाली ते अजून नक्की सांगता येत नाही. स्नेहा म्हणते व्यायामानं, वहीही तेच म्हणते. पण गुरुवार सुटल्यापासून जे दुखतं त्यावर व्यायाम चालत नाही, एवढं तपासून पाहिलं आहे.

उत्तराला उशीर केला. भीती वाटली. अजूनही वाटते आहे.

पट्टी धाडत नाही. ती परत दिली की मी बरा झालो असं ठरेल, आणि तुमची गाठ सुटेल इतकं बरं व्हायची माझी इच्छा नाही. दुकान बंद करण्याआधी एकदा माझं ऐकून घ्या. या येळवशीला शेतात येतो. आंबील पिईन, आणि बोलेन. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसा.

— श्रीपत.’

पोस्टाच्या पेटीपर्यंत स्नेहा सोबत आली. ऊन कोवळं होतं. श्रीपतरावांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं, आणि हात तिथंच थांबला.

“काका...”

“थांब गं. पत्ता बघतोय.”

“चौथ्यांदा?”

त्यांनी खिशात हात घालून चाचपलं. पट्टी होती तिथंच. मग डोळे मिटून बोटं सोडली. आत, पेटीच्या तळाशी, पाकीट टप्पकन पडलं.