लॉकर एकेचाळीसचे बूट

तुम्ही खोटं बोललात, साहेब. तेही सही-शिक्क्यानिशी.

म्हणून जे घडलं ते इथं लिहितोय. पटत नसेल तर ज्योतीरामला विचारा. तुमच्याच चाकणच्या कंपनीत तो स्टोअर सांभाळतो. मागच्या शुक्रवारची गोष्ट. दुपारचे चार. लख्ख ऊन.

बेवारस लॉकर उघडा, आतलं नको असलेलं सामान ऑनलाइन लिलावात काढा, असा वरून हुकूम आला होता. ऑफिसातल्या चित्रा मॅडमनी ज्योतीरामला शिकवलं.

"उजेडात फोटो काढ, चारही बाजूंनी. बोली कमीपासून सुरू कर. आणि डाग असला तर लिही. लपवलास की माल परत येतो."

"मॅडम, इथं तर लपवायचाच पगार मिळतो," ज्योतीराम हसला.

मॅडम हसल्या नाहीत.

एकेचाळीस नंबरात सेफ्टी बूट निघाले. शेखरचे. प्रेस मशीनखाली सापडून गेला, तो शेखर.

त्याची आई, सुभद्राबाई, तीन महिने झाले, रोज गेटवर बसते. "माजा लेक हितं कामाला व्हता, येवढं लिहून द्या."

कंपनीनं लिहून दिलं... या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता.

ज्योतीरामला सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं बूट पुसले, नाड्या सोडल्या, फोटो काढला. पोट आहे ना मागं!

फोटोत नाड्या...

बांधलेल्या.

समोर सुटलेल्या.

मोबाइल बिघडला असेल, म्हणत त्यानं तोच फोटो चढवला. खाली लिहिलं, उजव्या बुटावर डाग.

मिनिटात फोटोखाली प्रश्न आला. नाव नाही, काही नाही.

"बूट नकोत, असं कोण म्हणालं?"

पॅकिंगवाल्या बंटीचाच चावटपणा! "बंट्या, लाज वाटू दे जरा!"

त्यानं मान वळवली...

टेबलावरचे बूट गायब.

मग पावलं. जड. ठक... ठक... गेटच्या दिशेनं.

"कोण आहे रे?" ज्योतीराम मागं धावला. पावलं हजेरीच्या मशीनपाशी थांबली. तिथं चिटपाखरू नव्हतं. नोंद नसलेलं बोट ते मशीन घेतच नाही, ठणाणा करतं.

मशीन बोललं...

"थँक यू."

पडद्यावर नाव. शेखर. टोकन एकेचाळीस.

गेटबाहेर सुभद्राबाई उठून उभी राहिली. रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "सुटली व्हय रं शिफ्ट?"

बूट अजून सापडलेले नाहीत. ज्योतीराम आता डोळे मिटून हजेरी लावतो.

साहेब, तो तुमच्याकडे कधीच नव्हता ना? मग त्याचं बोट तुमच्या मशीनमध्ये कोणी नोंदवलं?

उत्तर द्या. गेटवर या, आणि तिच्या तोंडावर द्या.