नाव न घेता वाढलेलं

शुक्रवारी सकाळी बातिमा तेल आणायला म्हणून घराबाहेर पडली होती. दुकानातून तेलाची बाटली घेतली, पीठ घेतलं, दुकानवालीशी थंडीबद्दल चार शब्द बोलली आणि परत फिरली. टेकेलीसारख्या खाणीच्या कझाख गावात शुक्रवारी बायका दुसरं काय घेणार? शुक्रवार म्हटला की शेलपेक तळायच्या. पातळ लाटलेली पोळी कढत तेलात सोडली की टम्म फुगते आणि तिचा वास आधी घरभर, मग अंगणभर होतो. गेलेली माणसं त्या वासावरच जेवतात. त्यांना ताट लागत नाही, पाणी लागत नाही. उंबऱ्याशी येतात, वास घेतात, तृप्त होऊन जातात. आणि वास नसला तर? तर उपाशी परततात.

बातिमाचा नवरा ओस्पान जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर खाणीत राबलेला माणूस, गेला मात्र आपल्या घरात, आपल्या पलंगावर. तेव्हापासून बातिमाने एक शुक्रवार चुकवला नव्हता. तिला ताप असला तरी ती भिंतीला धरून चुलीपाशी उभी राहायची. जिवंतपणी हा माणूस कधी माझ्या दारातून उपाशी गेला नाही, मेल्यावर जाऊ देईन होय, असं तिचं म्हणणं.

पण नाव? नाव मात्र ती घ्यायची नाही. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं घेऊ नये ही आमच्याकडची जुनी रीत. हल्लीच्या पोरी कुठल्या पाळतायत! बातिमाने तर नवऱ्याचं नावसुद्धा उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. लेकीच्या नावाने ‘मोल्दीरचे पापा’ म्हणायची, नाहीतर नुसतंच ‘अहो’. तळतानाही एवढंच म्हणायची, “या. खाऊन जा.” घर त्यांचं, दार त्यांचं, तिथं नावाची काय गरज!

ती घरी आली तर मोल्दीर, तिची एकुलती एक लेक, दारातच पिशवी भरून उभी.

“अपा, कोट काढू नकोस,” ती म्हणाली. आईला ती अपा म्हणे. “अल्माटीला चाललोय आपण. आत्ता. गाडीत दोन जागा धरून ठेवल्यायत. शनिवार-रविवार राहायचं, सोमवारी परत.”

“डोकं फिरलंय का तुझं? आज शुक्रवार आहे.”

“अल्माटीतपण शुक्रवारच आहे.”

“वर्षाचं जेवण व्हायचंय अजून. लोक काय म्हणतील? नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि बाई निघाली शहरात मिरवायला!”

“म्हणू देत! लोकांना काय, तोंडाला कुलूप थोडंच आहे!” मोल्दीरचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. “अपा, वर्षभरात तू एकदा तरी हसलीस का गं? पापा गेले ते गेले, तूपण निम्मी त्यांच्याबरोबर गेलीस. रोज औषधांच्या दुकानातलं काम आटपून घरी येते ना, तेव्हा मला भीती वाटते, आज दार उघडायला कोणी असेल का. मला माझी आई पाहिजे. दोनच दिवस दे.”

एवढं ऐकून कुठली आई अडून बसेल? बातिमाने कोट काढला नाही. पण तेलाची बाटली आणि पीठ तिने गुपचूप पिशवीत कोंबलं.

“तिथं तळेन मी. पण त्यांना ते घर सापडायचं कसं?” तिने गाडीत बसल्यावर विचारलं.

“पापांना? बाजारात ते हरवले होते, आठवतं? आपण तासभर शोधतोय आणि हे कबाबच्या टपरीमागे! वासावर गेले होते, वासावर! तुझ्या शेलपेकच्या वासावर तर चंद्रावरसुद्धा येतील.”

बातिमाला हसू फुटलं. मग हसता हसता डोळे पुसायला लागले. मोल्दीरने तिचा हात हातात घेतला आणि अल्माटी येईपर्यंत सोडला नाही. उद्या डोंगरावरच्या पाळण्यात बसायचं, मोठ्या बाजारातून आईला नवीन ओढणी घ्यायची, परवा नाटक, असे तिचे बेत चालले होते. बातिमा हो हो म्हणत होती. तिला खरंच बरं वाटत होतं.

शहरावर धूर साचला होता. एरवी डोक्यावर उभे असलेले डोंगर दिसतच नव्हते. भाड्याने घेतलेलं घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. एक मुलगी आली, किल्ली हातावर ठेवली आणि आत पाऊलही न टाकता घाईने निघून गेली. घर नीटनेटकं होतं, पण वापरात नसलेल्या कपाटासारखा वास येत होता. स्वयंपाकघरात टेबल, खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीमागे भिंतीवर एक गोल तेलकट डाग होता. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे डोकं टेकून बसलं असावं. चुना लावूनही तो वर आला होता.

“पाच मिनिटं पडते हं,” म्हणून मोल्दीर आतल्या खोलीत आडवी झाली.

“अगं, दिवेलागणीला झोपू नये!”

“पाचच मिनिटं गं.”

बातिमाने पीठ मळलं, कढई ठेवली. बाहेर उजेड भराभर ओसरत होता. पहिली शेलपेक फुगली, वास सुटला. दर शुक्रवारसारखीच हलक्या आवाजात ती म्हणाली,

“या. खाऊन जा.”

मागे खुर्ची कुरकुरली.

अगदी हळू, थकलेलं माणूस टेकतं तशी. बातिमा वळली नाही. वळून बघायचं नसतं. “आलात?” ती कढईकडे बघत म्हणाली. “मला वाटलं, चुकाल. रागावू नका हं. पोरीचं मन मोडवेना. खा. पोटभर घ्या.”

मागून लांब श्वास ओढल्याचा आवाज आला. मग परत. मग परत. केवढी ही भूक! तिला वाईट वाटलं. गेल्या शुक्रवारीच तर तळलं होतं.

तळून झालं की शेजारी वाटायचं असतं, नाहीतर पुण्य पोचत नाही. थाळीवर फडकं टाकून ती समोरच्या दारी गेली. काठी टेकत एक म्हातारी आली, कझाखच, डोक्याला पांढरं फडकं. शेलपेक बघून तिचा चेहरा उजळला. तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आमीन म्हणाली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

“कुठली गं तू, पोरी?”

“आजच आलोय, अझे,” आजीबाईंना म्हणतात तसं बातिमा म्हणाली. “समोरच्या घरात.”

म्हातारीचं तोंड हलायचं थांबलं.

“तिथल्या चुलीवर तळलंस?”

“हो. माझ्या माणसासाठी. शुक्रवार ना.”

“नाव घेतलंस त्याचं?”

बातिमा लाजली. “नवऱ्याचं नाव… कसं घेणार, अझे?”

“मीपण घेत नाही. पण मी माझ्या घरात तळते.” म्हातारीने तोंडातला घास हातावर काढला. आवाज खाली गेला. “समोरचा म्हातारा मेला, मुलांनी घर भाड्याला लावलं. त्याच्यासाठी कुणी कधी थेंबभर तेल तापवलं नाही. शुक्रवारी मी तळते ना, तेव्हा त्या बंद दारापलीकडे खुर्ची सरकते. मी ऐकते… परक्या घरात बिननावाने बोलावलंस, की ज्याचं घर, तोच येऊन बसणार. तुझा माणूस कशाला येतोय?”

बातिमाने थाळी छातीशी घट्ट धरली.

“आता काय करू?”

“आधी त्याला उठव. निरोप दे. तो गेला, की मग तुझ्या माणसाचं नाव घे. पण तो बसलेला असताना, त्याच्या तोंडाकडे बघून कुणाचं नाव घेऊ नकोस. उपाशी आहे तो. जे नाव देशील ते घेऊन बसेल…” म्हातारीने तिच्या खांद्यावरून समोरच्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. “आत कोणी आहे का तुझं?”

थाळी तिथेच टाकून बातिमा धावली.

घरात आता तेलाचा वास नव्हता. खवट, ओलसर, पेटीत कुजलेल्या कपड्यांचा वास होता. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. त्या करड्या अंधारात मोल्दीर टेबलाशी बसली होती, हातात किटली. समोर, खिडकीजवळच्या खुर्चीपुढे एक कप.

“मोल्दीर…”

“हळू बोल, अपा.” मोल्दीर कुजबुजली. तिचे ओठ नीट हलत नव्हते. “मला हाक मारली… झोपेत वाटलं, पापाच. चहा मागितला… मी ओततेय. ओतते, आणि कप रिकामा होतो…”

“ऊठ तू. माझ्याकडे ये.”

“ते हात सोडत नाहीयेत.”

तिचा डावा हात टेबलावर पालथा पडला होता. मनगटाभोवतीची कातडी आत दबली होती, पांढरी पडली होती, मुठीत धरल्यासारखी. धरणारं कोणी दिसत नव्हतं.

बातिमाने किटली घेतली. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच कप देतात. थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. म्हणजे बसा, अजून बसा. आणि कप काठोकाठ भरून ठेवला, की पाहुणा समजतो, आता उठायचं. तिने कप काठोकाठ भरला. बशीत सांडला तरी ओतत राहिली.

“झालं तुमचं,” ती म्हणाली. आवाज फुटत होता. “पोटभर झालं. आता या…”

कप भरलेलाच राहिला. कुणी तो उचलला नाही. मग खिडकीजवळची खुर्ची पुढे सरकली. मोल्दीरचा हात टेबलावरून खिडकीकडे ओढला गेला, आणि तिच्यासकट तिची खुर्चीही.

“अपा… दुखतंय… अपा!”

त्या क्षणी बातिमाला म्हातारीचं बोलणं आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पण पोटची पोर ओढली जात असताना कुठली आई शहाणपणाला धरून बसेल? भिंतीवरच्या त्या गोल डागाकडे रोखून बघत, जन्मात न उच्चारलेलं नाव ती गळा फाडून ओरडली,

“ओस्पान! हे ओस्पानचं आहे! ओस्पानसाठी तळलंय मी! ही पोर ओस्पानची आहे!”

हात सुटला. मोल्दीर मागच्या मागे आईच्या अंगावर कोसळली.

आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून, समाधानाने, हाक मारल्यावर माणूस देतो तशी ओ आली. “हं.”

पिशवी, कोट, काही न घेता दोघी जिन्यावरून खाली पळाल्या. कसला पाळणा आणि कसलं नाटक! बसस्थानकाच्या उजेडात, माणसांच्या गर्दीत त्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि मिळेल त्या गाडीने टेकेलीला परतल्या. मोल्दीरच्या मनगटावर चार बोटं काळीनिळी उमटली होती. मोल्दीरने त्यावर बाही ओढून घेतली. एकदाच मोल्दीरने विचारलं, “पापा त्या दिवशी आपल्या घरी आले असतील ना, अपा? कुलूप बघून गेले असतील?” बातिमाला तेवढंच खात होतं. तिचा माणूस पहिल्यांदा उपाशी परतला होता.

पुढच्या शुक्रवारी ती पहाटेच उठली. मागची भरपाई म्हणून दुप्पट पीठ भिजवलं. बाहेर बर्फ पडून थांबला होता. तेल तापलं, वास सुटला. आता रीतभात गेली खड्ड्यात, ती मनाशी म्हणाली, आता नाव घेऊनच बोलवायचं, भलतं कोणी यायला नको. तोंडातून नाव निघताना तिला अजूनही लाज वाटली.

“ओस्पान… या. खाऊन जा.”

मागे लगेच खुर्ची कुरकुरली. बातिमाने डोळे मिटले. आले. माफ केलं त्यांनी. “घ्या,” ती म्हणाली, “आज खूप केलंय,” आणि रडत रडतच तळत राहिली. सगळं तळून झाल्यावर तिने शेजारी द्यायला थाळी भरली. मोल्दीर खांद्यावर शाल टाकून तिच्याबरोबर दारापर्यंत आली. बातिमाने कडी काढली.

पायरीवरच्या बर्फात पावलं होती. अनवाणी. कबरस्तानाच्या टेकडीकडून, रस्ता ओलांडून, फाटकातून सरळ उंबऱ्यापर्यंत आलेली. उंबऱ्यापाशी बर्फ पार तुडवला गेला होता, खालचा दगड दिसत होता. कोणीतरी तिथे खूप वेळ उभं राहिलं होतं, या पायावरून त्या पायावर होत. आणि मग पावलं वळून टेकडीकडे परत गेली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. खाणीत दगड पडला तेव्हा आठवडाभर बातिमानेच तो पाय आपल्या मांडीवर घेऊन धुतला होता.

थाळी तिच्या हातातून पडली.

“अपा,” मोल्दीर पुटपुटली, “मग आत कोण…”

बातिमाने ऐकलं नाही. ती तशीच बर्फात उतरली आणि त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून जीव खाऊन ओरडली, “ओस्पान! अहो, फिरा मागे! ओस्पान!”

“हं,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

लेक तिच्या मागोमाग उतरून शेजारीच उभी होती, दंड घट्ट धरून. घरात तिसरं कोणी नव्हतं. आत कुणीतरी कपात चहा ओतत होतं.