थांबलं की विझणारा दिवा

त्या शुक्रवारी दुपारी मी सायकलच्या मागच्या चाकाला डायनामो बसवून आणला. रक्त तपासायच्या लॅबमध्ये सोमवारपासून माझी दुसरी पाळी सुरू होणार होती. ती सुटते रात्री साडेदहाला, आणि कालव्याच्या रस्त्यावर खांब आहेत, पण दिवे नाहीत. सायकलवाल्याने पेटीत बराच वेळ खुडबुड केली आणि एक जुना गोल दिवा काढला.

"नवीन येत नाहीत हल्ली. पण हा दणकट आहे. चाक फिरतंय तोवर जळेल, थांबलीस की विझेल. एवढं लक्षात ठेव."

सायकल आणून मी फाटकाच्या आत भिंतीच्या सावलीत लावली, मागच्या चाकाला कुलूप घातलं आणि घरात आले. तर मामा आलेले.

मामांना बाबांनीच बोलावलं होतं. शिकले मी, परीक्षा मी दिली, नोकरी मला लागली. पण मी रात्री सायकलवरून घरी यावं की नाही, हे ठरवणार मामा. गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यावर एका कॉलेजच्या मुलाला सायकलवरून पाडून त्याचा मोबाइल हिसकावला होता. त्या मुलाला यापुढे घराबाहेर सोडावं की नाही, यावर त्याच्या घरी बैठक बसल्याचं काही माझ्या कानावर आलं नाही.

जेवणं झाली. आई आत भांडी घासत होती. माझ्या धाकट्या भावाने बाहेरच्या खोलीतली ट्यूब बंद केली आणि मामांच्या पायाशी येऊन बसला.

"मामा, भुताची सांगा."

"मी भुताच्या गोष्टी सांगत नाही. घडलेलं सांगतो. आता त्यात भूत निघालं तर माझा इलाज नाही." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तूही ऐक. तुझ्यासाठीच आहे."

मला ते ठाऊकच होतं.

"एकोणीस वर्षं झाली," मामा म्हणाले. "तेव्हा मी शर्टाच्या कारखान्यात फाटकावर होतो. आमचा वायरमन माझा जिवाभावाचा दोस्त. हे घडलं ते त्याच्यासोबत. त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता. आणि हा माणूस कसा, तर चालू तारेला बोट लावून 'गुदगुल्या होतात' म्हणणारा.

"कारखान्यात काज-बटणाला एक बाई होती. तिला सगळे घंटी म्हणायचे. सायकलवर कुत्रं आडवं आलं तरी घंटी वाजवायची, नाही आलं तरी वाजवायची. मला फाटक उघडायला लावायची ती घंटीनेच, तोंडाने कधी नाही. तिच्या घंटीची वाटी चेपलेली होती. त्यामुळे आवाज यायचा असा... टिर्र, टक."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"कालव्याच्या रस्त्याला गोदामाची लांब भिंत आहे ना, तिथे दोघेजण असायचे. एक सायकलवर, बिनदिव्याचा. बाई दिसली की मागून यायचा आणि अगदी घरच्यासारखा बोलायचा. 'ताई, मागचं चाक डगमगतंय. पडाल हां.' आता असं कुणी म्हटलं की माणूस थांबतोच. कुणाचा स्टँड खाली राहिलेला दिसला तर आपण नाही का ओरडत? लोकांना स्वतःच्या गाडीपेक्षा दुसऱ्याच्या गाडीची काळजी जास्त. बाई थांबायची. चाक बंद, की डायनामोचा दिवा बंद. आणि त्या अंधारात भिंतीजवळचा दुसरा पुढे यायचा."

"किती जणींना लुटलं?" मी विचारलं.

"चौघींना."

"आणि कारखान्याने काय केलं?"

"साहेब म्हणाले, जोडीजोडीने जात जा. चौकीत गेलो, तर ते म्हणाले, दागिने घालून फिरता कशाला."

"घंटीकडे दागिने होते?"

"कुठले? कानात प्लास्टिकच्या रिंगा. तेच तर झालं." मामांनी गुडघ्यावर हात फिरवला. "ऑक्टोबरातल्या एका रात्री ती थांबली. तिच्याकडे काहीच सापडेना, म्हणून त्या दोघांनी चिडून..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "सकाळी कालव्याच्या कडेला सापडली. सायकल नव्हती."

धाकट्याने पाय जवळ ओढून घेतले. मी विचारलं, "मग?"

"मग काय, आम्ही सगळे पुरुष एक झालो. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. म्हटलं, बायकांची दुसरी पाळी बंद करा. आठवड्यात बंद झाली." मामांच्या आवाजात एकोणीस वर्षांनंतरही अभिमान होता.

"आणि ते दोघे?"

"ते असे कुठे सापडतात?"

"म्हणजे चोरांची पाळी चालू राहिली. फक्त बायकांची बंद झाली."

धाकटा फिस्सकन हसला. बाबा खाकरले.

"तुला ऐकायचंय की भांडायचंय?" मामांनी विचारलं.

"दोन्ही. सांगा पुढे."

 मामांचा आवाज खाली आला.

"डिसेंबरातला दुसरा गुरुवार. मोटार जळाली म्हणून वायरमनला थांबवून घेतलं होतं. पावणेबाराला मी त्याला फाटक उघडून दिलं. चंद्र नव्हता. थंडी अशी, की हँडल पकडवत नव्हतं. तो कालव्याच्या रस्त्याला लागला. बायका त्या रस्त्याने येईनाशा झाल्या होत्या, त्यामुळे ते दोघे आता पुरुषांनाही सोडत नव्हते. हे त्याला माहीत होतं. म्हणून तो जोरात चालवत होता. एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूला पाणी. पुढे फक्त आपल्या दिव्याचा गोळा.

"भिंत निम्मी झाली असेल. मागून आवाज आला.

"टिर्र... टक.

"त्याने मागे पाहिलं नाही. त्याला वाटलं, आपल्याच सायकलची साखळी असेल.

"टिर्र... टक.

"आता जवळून.

"तेवढ्यात डाव्या हाताला कुणीतरी आलं. बिनदिव्याची सायकल. पुरुषाचा आवाज, अगदी गोड. 'दादा, मागचं चाक डगमगतंय.'

"वायरमनला सगळं ठाऊक होतं, बरं का. चौघींना काय सांगून थांबवलं, घंटीचं काय झालं, सगळं. तरी त्याचे पाय ढिले पडले. सवय असते माणसाला. दिवा मंदावला. पिवळा झाला. मग तांबडा. आता विझणार... आणि उजव्या कानाशी बाईचा आवाज आला.

"'थांबू नका.'

"एवढंच.

"उजवीकडे कालवा होता. तिथे माणसाला चालायलाही जागा नाही.

"त्याने पायडल मारलं. किती जोरात मारलं, देव जाणे. पायांत गोळे आले तरी थांबला नाही. भिंत संपली, तिठ्यावरचं बंद दुकान आलं, तेव्हा त्याने एक पाय खाली टेकला. आणि वळून पाहिलं."

मामा थांबले. आतही आवाज नव्हता.

"लांब, भिंतीपाशी, एक दिवा होता. सायकलचा. खालच्या अंगाला. हलत नव्हता. वायरमन माणूस तो... त्याला कळेना. उभ्या सायकलचा डायनामो दिवा जळेल कसा? पण जळत होता. पांढराशुभ्र. आणि त्या उजेडात एकजण गुडघ्यांवर बसलेला. दोन्ही हात डोळ्यांवर. ओरडत होता.

"'बंद कर... बंद कर तो...'

"सायकलवर कुणी नव्हतं."

धाकट्याने माझा दंड धरला. मी त्याचा हात झटकला नाही.

"पहाटे तो माणूस स्वतःच्या पायांनी चौकीत गेला," मामा म्हणाले. "सगळं कबूल केलं. साथीदाराचं नाव दिलं, पण तो आधीच पळाला होता, तो कधीच मिळाला नाही. याने घंटीची सायकल कुठे बुडवली तेही सांगितलं. आणि एकच विनवणी करत राहिला, दिवा बंद करा. पोलिसांनी कोठडीतला बल्ब काढला. तरी तो डोळ्यांवरचे हात काढेना.

"दुपारी कालव्यातून सायकल काढली. बघायला मी आणि वायरमन दोघे गेलो होतो. दोन महिने पाण्यात पडलेली. गंजलेली, शेवाळाने भरलेली, डायनामोची तार तुटून लोंबत होती. पाणी असं गार, की काढणाऱ्याचे दात वाजत होते. वायरमनने सहज त्या गोल दिव्याच्या काचेवर हात ठेवला... आणि झटकन मागे घेतला. मग माझा हात धरून ठेवला तिथे." मामांनी तळवा आमच्यासमोर धरला. "गरम होती काच. आताच विझवलेल्या कंदिलासारखी."

 मग धाकट्याने बारीक आवाजात विचारलं, "ती सायकल कुठे आहे?"

"गेली असेल भंगारात." मामा माझ्याकडे वळले. "म्हणून म्हणतो, त्या रस्त्याने रात्री पोरीबाळींचं काम नाही. दिवसाची पाळी मिळाली तर बघ. नाहीतर राहू दे."

बाबांनी मान डोलावली.

"मामा, तुमच्या गोष्टीत भूत कुणाला घाबरवतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"चोराला. वायरमनला तर ते वाचवतं. मग ही गोष्ट तुम्ही मला कशाला सांगता? जाऊन त्या मोबाइल हिसकावणाऱ्यांना सांगा. त्यांना म्हणा, त्या रस्त्याने रात्री तुमचं काम नाही."

"जीभ बघा हिची," मामा बाबांना म्हणाले. "अगं, तुझ्या भल्याचंच..."

"चार बायका लुटल्या गेल्या तेव्हा भिंतीपाशी दोन माणसं उभी करायचं कुणाला सुचलं नाही? तुम्ही सगळे पुरुष एक झालात ना? मग केबिनमध्ये कशाला गेलात? भिंतीपाशी जायचं होतं."

"बास," बाबा म्हणाले.

"बास नाही," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले होते. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"दादा, त्या पाळीत मीही होते. ते सांगायचं राहिलं तुझ्याकडून."

मी आईकडे पाहतच राहिले. ती शर्टाच्या कारखान्यात होती, हे आम्हाला ठाऊक होतं. मी लहान होते म्हणून तिने नोकरी सोडली, असंच आम्ही आजवर ऐकत आलो होतो.

"सोडली नव्हती मी," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत मामांकडे होती. "या पुरुषांनी पाळीच बंद केली. मला कुणी विचारलंही नाही. फाटकावर माझाच भाऊ होता. त्याने फाटक उघडलं नाही. म्हणाला, घरी जा, उद्यापासून येऊ नकोस."

"तुझ्या भल्यासाठीच ना गं."

"घंटी आणि मी शेजारी बसायचो. तिला तीन पोरं होती. त्यांच्या भल्यासाठी कोण गेलं होतं केबिनमध्ये?"



"सोमवारी ही जाईल," आई म्हणाली. "कालव्याच्या रस्त्यानेच जाईल. कुणी मागून काही म्हटलं तर थांबणार नाही, हे तिला आता कळलंय. आणि कुणाला फारच काळजी वाटत असेल, तर त्याने साडेदहाला भिंतीपाशी जाऊन उभं राहावं."

बाबा खाली बघत होते.  आईने पदराला हात पुसले. "सायकल आत घेते. रात्रभर बाहेर नको," असं म्हणून ती अंगणात गेली.

फाटकापाशी तिची पावलं थांबली.

"ये गं इकडे," तिने हाक मारली. आवाज बदललेला होता.

मी गेले. मागोमाग धाकटा, बाबा, मामा. आई सायकलच्या पुढे वाकून उभी होती. तिचा तळवा जुन्या गोल दिव्याच्या काचेवर होता.

"हात लाव."

मी लावला.

मग मामांनी लावला. झटकन मागे घेतला. आणि तो तळवा दुसऱ्या हाताने घट्ट धरून उभे राहिले.

"दुपारी ऊन लागलं असेल," बाबा म्हणाले.

अकरा वाजून गेले होते. आमच्या फाटकाच्या त्या भिंतीपाशी ऊन कधी येतच नाही. मी खाली बसले आणि मागचं चाक चाचपलं. कुलूप होतं तसंच होतं. किल्ली दुपारपासून माझ्याच खिशात होती.