अंड्याच्या नाकावरचं वजन

गुर्रर्र... टक.

अंगणात उभ्या असलेल्या सहलीच्या ट्रेलरमधला पाण्याचा पंप क्षणभर घुरघुरला आणि थांबला. मी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर कॉफीचा मग घेऊन बसले होते. जून संपत आला होता. विनिपेग सरोवरावरून वारा नव्हता, गल्लीत कुणाचं गवत कापायचं यंत्र चालू नव्हतं आणि मुख्य म्हणजे आमची चार वर्षांची लेक रूना झोपली होती. अशी दुपार या उन्हाळ्याआधी आमच्या घरात चार वर्षांत आली नव्हती. त्यामुळे तो एवढासा आवाजही मला, शेजारी कुणी परात आपटावी, तसा वाटला.

हा पंप नळ उघडला की चालू होतो आणि नळ बंद केला की टक करून थांबतो. मी अनवाणीच धावले. वाटेत मेलेल्या फिशफ्लाय, सरोवरावरून येणाऱ्या उन्हाळी माश्या, पायाखाली कुरकुर चुरडल्या. ट्रेलरच्या जाळीच्या दारातून डोकावले, तर खालच्या बंकवर, म्हणजे बाकाच्या बिछान्यावर, रूना पालथी, तोंड उघडं, गालावर उशीची वळी. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. सिंकशेजारचा निळा पेला उताणा होता आणि तळाशी ओला होता.

"कुठंतरी दाब गळतोय," संध्याकाळी स्टेफान म्हणाला. माझा नवरा. काहीही बिघडलं की त्याचा चेहरा उजळतो. "वॉशर गेला असणार. उद्या बदलतो."

पेल्याचं मी त्याला सांगितलं नाही. चार वर्षं धड झोप न मिळालेल्या बाईनं पेल्यांच्या बाबतीत साक्ष देऊ नये.

रूना झोपायची नाही, हे आमच्या घराचं एकमेव दुखणं. बाकी सगळं छान होतं. पण दिवे मालवले की तिचे डोळे टक्क उघडे. गाणी झाली, गरम दूध झालं, डॉक्टरीणबाई दोन झाल्या. दोघींनी "वय वाढलं की होईल" असं सांगितलं, कुणाचं ते सांगितलं नाही. सासूबाई, म्हणजे रूनाची अम्मा (स्टेफानकडे आजीला अम्माच म्हणतात), दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांचं मत वेगळं होतं.

"आमची पोरं झोपायची," त्या म्हणायच्या. "कारण आम्ही त्यांना विचारतच नव्हतो."

"आई, मी सात वर्षांचा होईपर्यंत तुझ्या पलंगाखाली झोपायचो," स्टेफान म्हणायचा.

"झोपायचास ना? मग झालं!"

आणि मग मे महिन्यात आमच्याकडे अंडं आलं.

तेरा फुटी, फायबरचा, पन्नास वर्षांपूर्वी इथेच विनिपेगला बनलेला ट्रेलर. वरची वाटी आणि खालची वाटी कमरेशी जोडलेली. कुठे कोपरा म्हणून नाही. इकडे सगळे त्याला अंडंच म्हणतात. दक्षिणेकडच्या एका गावातल्या व्हर्नाबाईंकडून आम्ही तो घेतला. नवरा गेल्यावर एकटीला ओढवेना म्हणाल्या. त्यांनी आम्हाला अख्खी दुपार बसवून घेतलं आणि पोरगी सासरी धाडावी तशा सूचना दिल्या. चाकांना वंगण दर वसंतात. कमरेची पट्टी उन्हाळ्यात एकदा तपासायची. रिव्हेट गळला तर बाहेरून डिंक थापायचा नाही, रिव्हेटच बदलायचा.

"आणि तो वरचा बंक," त्या म्हणाल्या, "तो मिटू नका. लावलेलाच राहू दे. मिटला की रस्त्यावर कुरकुर करतं."

"कोण?"

"अंडं! आणखी कोण?" व्हर्नाबाई खळखळून हसल्या आणि रूनाच्या हातात बिस्किट दिलं. मग काय वाटलं कोण जाणे, आणखी एक दिलं.

वरचा बंक म्हणजे काय, दोन पोकळ नळ्या आणि त्यांच्यामधे ताणलेलं जाड कापड. पुढच्या टोकाला, खिडकीखाली. त्याच्या खाली बाकाचा बिछाना. रूना पहिल्याच दिवशी त्या खालच्या बिछान्यात शिरली, वर बघितलं, खुदकन हसली आणि झोपली. मी घड्याळ बघत बसले. मग रडत बसले. मग मीही आडवी झाले.

त्या दिवसापासून अंगणातलं अंडं हेच रूनाचं घर झालं. घरातल्या पलंगावर तिला नेलं की पुन्हा टक्क डोळे. तेव्हा मी रात्रीसुद्धा तिच्याजवळ तिथेच, मागच्या बाजूला झोपायला लागले. स्टेफानच्या बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला, असं अम्मा शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

पंपाचा वॉशर बदलला. तरी पंप दुपारी एकदा घुरघुरायचाच. पेला मी कपाटात ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी तो सिंकशेजारी असायचा, ओला. आता रूनाच उठून पाणी पीत असेल, असं मी ठरवलं, आणि चार वर्षांच्या मुलीचा हात त्या नळाला पुरत नाही, याकडे बघायचं नाही असंही.

मग वजनाची भानगड सुरू झाली.

ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचा दांडा, गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतं. त्या नाकावर वजन किती, ते नेमकं लागतं. फार हलकं झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. फार जड झालं तर गाडीचं ढुंगण खाली बसतं. इकडची सगळी मंडळी त्यासाठी न्हाणीघरातला वजनकाटा वापरतात. विटा, फळी, काटा, वर नाक. स्टेफाननं हे सगळं मांडलं आणि काट्याकडे बघत राहिला.

"हे जास्त भरतंय."

"किती?"

"एका पोराएवढं," तो म्हणाला. "रूना आत आहे का?"

रूना माझ्या कडेवर होती.

"काटा बिघडला असेल," मी म्हटलं.

"आधी स्वतः उभा राहा त्यावर," बघायला आलेल्या अम्मा म्हणाल्या. "मग सांग, बिघडलाय का बरोबर आहे."

तो उभा राहिला. काटा बरोबर होता, हे त्याला फार दुःखानं मान्य करावं लागलं. मग त्यानं फरशीखालचं लाकूड टोचून बघितलं. जुन्या अंड्यांचं लाकूड पाणी पिऊन जड होतं. ते ब्रेडच्या टोस्टसारखं कोरडं निघालं. बॅटरी मागे हलवली, भांडी मागे हलवली. तरीही नाक जडच.

"जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "जड नाकाचा ट्रेलर सरळ चालतो."

आणि चालला. जुलैत आम्ही अंड्यांच्या मेळाव्याला मिनेडोसाच्या तळ्यावर निघालो, तेव्हा वाटेत दोन्हीकडे मोहरीसारखा कॅनोला पिवळाधमक फुललेला आणि मागे आमचं अंडं, बोट धरून चालणाऱ्या शहाण्या मुलासारखं.

मेळाव्यात शनिवारी खुलं घर असतं. सगळ्यांनी दारं उघडी टाकायची, कुणीही कुणाच्याही अंड्यात शिरायचं. पायरीशी जोडे काढायचे, आत जायचं, कपाटं उघडायची, रबरं चाचपायची, "हे कसं केलंत?" विचारायचं. मी अम्मांनी दिलेला विनार्तेर्ता कापून ठेवला होता, सुक्या आलुबुखाराचा थराथरांचा केक, आणि दाराबाहेर खुर्ची टाकून कॉफी ओतत होते. रूना समोर वाळूत बादली घेऊन बसली होती. पोरांचे घोळके या अंड्यातून त्या अंड्यात सुसाट फिरत होते. त्या दिवशी कुणाचं पोर कुठे, कुणी मोजत नाही.

शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातून आलेली डोरीन नावाची आजी आतून बाहेर आली, पायरीवर बसून जोडे चढवायला लागली.

"पोरी, तुझी थोरली फार गुणी हो," ती म्हणाली. "मी पुढच्या खिडकीचं रबर बघायला वाकले, तर बिचारीनं न सांगता पाय आवरून घेतले."

"कोण थोरली?"

"ती गं, वर झोपलेली. लाजते मात्र फार. तोंड भिंतीकडेच."

मी हसले. "कुणाची तरी असेल. आज सगळी पोरं सगळ्यांचीच."

"तेही खरंच!" म्हणत तिनं केकचा दुसरा तुकडा उचलला आणि पुढच्या अंड्याकडे गेली. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, की पायरीशी तिच्या जोड्यांखेरीज दुसरे जोडे नव्हते.

दुपारी गर्दी ओसरली, रूना पेंगायला लागली. मी तिला आत आणून निजवलं आणि तिच्या शेजारी बाकाच्या कडेला टेकले. वर कुणी नव्हतं, ते मी आधीच बघितलं होतं. कापड, दुमडलेली चादर, खिडकीतून आलेलं ऊन.

पण खालून बघताना कापड झोळीसारखं खाली आलं होतं. मधोमध.

मी हात वर केला. कापड कोमट होतं. हाताला भार लागला. निवांत झोपलेल्या लेकराच्या पाठीखाली हात घातला की लागतो तसा, सगळ्या आयांना माहीत असलेला.

मी हात तसाच ठेवला. वरचा भार हळूच भिंतीकडे सरकला. जागा करून दिल्यासारखा.

मी ओरडले नाही. रूना झोपली होती. खरं सांगायचं तर, माझ्या मनात पहिला विचार तोच आला, की आता ओरडले तर ती उठेल. आणि दुसरा असा, की हे स्टेफानला सांगितलं तर हे अंडं जाईल, आणि अंड्याबरोबर तिची झोप.

माझ्या सांगण्याची गरजच पडली नाही. रविवारी सकाळी निघताना मेळाव्यातला ऑर्व्हिल आपला काटा घेऊन आला. लाल टोपी, मोठं पोट, सगळ्यांच्या अंड्यांची नाकं तपासायचा त्याला छंद.

"अरे बाबा, हे तर फार जड!" तो ओरडला. "या गाडीचा हूक तुटेल. पुढून काहीतरी काढ."

"पुढं आहे काय काढायला? एक बंक."

"मग बंक काढ."

"व्हर्नाबाई नको म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.

"व्हर्नाबाईंकडे दणकट पिकअप होता," स्टेफान म्हणाला.

"रूना झोपणार नाही रे."

"अगं, ती खालच्या बंकवर झोपते. वरचं कापड तिला काय करायचंय?"

त्यानं दोन खिट्ट्या काढल्या. बंक मी एका हातानं उचलून मागे ठेवला, इतका हलका. मग काट्यावर नाक टेकवलं. आकडा अगदी पुस्तकातला आला.

"बघितलंस?" ऑर्व्हिल म्हणाला. "उगाच दोन नळ्या घेऊन हिंडत होतात."

रूना वाळूत उभी होती. तिनं ट्रेलरच्या उघड्या दाराकडे बघितलं, मग बाजूला सरली, कुणाला वाट द्यावी तशी. आणि गाडीत जाऊन बसली.

यलोहेड हायवेवर उत्तरेचा वारा होता. एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि अंडं डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग आणखी जोरात डावीकडे. आरशात ते पांढरं गोल ढुंगण रस्त्याचा पूर्ण एक पट्टा ओलांडून जाताना मला दिसलं.

"ब्रेक मारू नकोस!"

"नाही मारत!"

स्टेफाननं चाक घट्ट धरलं, वेग आपोआप उतरू दिला. शेवटी आम्ही कॅनोलाच्या कडेला खडीवर थांबलो. मी मागे वळले. रूना तिच्या सीटमधे पट्टे बांधून, गाल लालबुंद.

"मज्जा!" ती म्हणाली.

आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

"नाक हलकं पडलं," स्टेफान म्हणाला. "म्हणजे आधी जड होतं ते बरोबर होतं? काय समजायचं माणसानं?"

"बंक पुन्हा लाव," मी म्हटलं.

"घरी जाऊन लावतो. आता हळू जाऊ."

त्यानं गाडी चालू केली.

टिंग. टिंग. टिंग.

समोर तांबडा दिवा लुकलुकत होता. मागची सीट, रूनाच्या शेजारची. कुणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.

"पिशवी ठेवलीस का तिथं?"

"नाही."

त्यानं वळून बघितलं. सीट रिकामी होती.

"आता हेही बिघडलं," तो म्हणाला, पण या वेळी त्याचा चेहरा उजळला नाही. तो उतरला, मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन अडकवला. दिवा विझला. टिंगटिंग थांबली.

गाडी हळूहळू निघाली. अंडं मागून येत होतं, हलकं, रिकामं, मुकाट.

मी बराच वेळ समोर बघत राहिले.

मग वळले.

पट्टा सीटला चिकटलेला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर पुढे, गोलसर, ताणून उभा होता. आणि सावकाश वरखाली होत होता.

रूनाचा हात मधल्या जागेवर पालथा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. गाडीत कधी डोळ्याला डोळा न लावणारी माझी पोर पेंगुळली होती.

"झोप, बाळा," मी म्हटलं. माझा आवाज कुजबुजता निघाला.

तिनं डोळे किलकिले केले. बाजूला मान वळवली, काहीतरी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "ती विचारतेय, तिनं तुला काय म्हणायचं?"